तीन ओळींचा बॅकट्रेस

मे संपत आला तेव्हा आमच्याकडे अकरा क्रॅश फाइली जमल्या होत्या. प्रत्येकीत बॅकट्रेस असायला हवा: मरताना कोणतं फंक्शन चालू होतं, त्याला कोणी हाक मारली होती, त्यालाही कोणी, अशी यादी. त्यांतल्या सात फाइलींत तीनच ओळी होत्या: पहिली आमच्या सिग्नल हँडलरची, म्हणजे प्रोग्राम कोसळताना चालणाऱ्या फंक्शनची, दुसरी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, एका इवल्याशा तुकड्याची, तिसरी नुसतं शून्य. त्याखाली कोरं. प्रोग्राम मेला एवढं कळत होतं. कुठून कुठे जाताना मेला, ते नाही.

आम्ही पर्वरीत एक डबा बनवतो. मासेमारीच्या ट्रॉलरवर तो बसतो, इंजिनचे फेरे, डिझेलची पातळी आणि जीपीएसची जागा नोंदवत राहतो आणि किनाऱ्याजवळ नेटवर्क मिळालं की सगळं पाठवून देतो. आत ६४ बिटी एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स, त्यावर सीमध्ये लिहिलेला चार थ्रेडचा, म्हणजे चार कामं शेजारी-शेजारी चालवणारा, आमचा प्रोग्राम. बोट समुद्रात असताना तो कोसळला तर अख्खी कोअर फाइल, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीची प्रत, मोबाइल नेटवर्कवरून आणणं शक्य नसतं. म्हणून सिगसेगव्ही, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल, आला की हँडलरनेच स्टॅक, म्हणजे एकमेकांना हाका मारलेल्या फंक्शनांच्या नोंदींची चवड, उलगडायचा, काहीशे बाइटची एक फाइल लिहायची आणि मग मरायचं, अशी रचना होती. ती फाइल म्हणजे प्रोग्रामचं शेवटचं बोलणं. ते अर्धवट असणं मला सहन होत नव्हतं.

गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलरची मासेमारी बंद असते. सगळ्या बोटी मालीमच्या जेटीला लागतात, जाळी उतरतात, इंजिनं उघडतात. मला हवे तेवढे डबे हाताशी होते आणि मुदतही ठरलेली होती.

मी आधी फाइल न लिहिणाऱ्या डब्यांकडे वळले. काही बोटींवर डबा गोठायचा, मग वॉचडॉग त्याला रीबूट करायचा आणि फाइल नावाची गोष्टच उरायची नाही. एका बोटीवरच्या डब्याचा वॉचडॉग बंद केला, खोट्या इंजिनचे आकडे पुरवणारी स्क्रिप्ट लावली आणि वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी डबा गोठला. भर पावसात लॅपटॉप पिशवीत गुंडाळून जेटीवर उतरले, केबिनमध्ये बसून जीडीबी हा डीबगर जोडला. खालून वर वाचत गेले तर चित्र स्वच्छ होतं. मेमरी परत करणारं फ्री हे फंक्शन चालू असताना हीप, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीचा साठा, बिघडलेली सापडली आणि सिग्नल आला. आमच्या हँडलरने जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीचं बॅकट्रेस फंक्शन बोलावलं. त्याने आयुष्यातल्या पहिल्याच हाकेला लिबजीसीसी ही लायब्ररी लोड करायला घेतली. लोड करायला मेमरी लागते, म्हणून मॅलॉक, ते मेमरी मागणारं फंक्शन. आणि मॅलॉक ज्या लॉकसाठी थांबला होता, तो लॉक त्याच थ्रेडने फ्रीमध्ये शिरताना घेतलेला होता. तो कधीच सुटणार नव्हता.

उपाय दोन ओळींचा निघाला. प्रोग्राम सुरू होताच, सगळं धड असताना, बॅकट्रेस एकदा उगाचच बोलवायचं, म्हणजे लायब्ररी आधीच येऊन बसते. आणि नावं काढायला बॅकट्रेस-सिम्बॉल्सऐवजी त्याचा एफडीवाला भाऊ वापरायचा, कारण पहिला मॅलॉक करतो आणि दुसरा थेट फाइलीत लिहितो. हँडलरमध्ये एक प्रिंटएफही राहून गेला होता, तोही काढला. सिग्नल हँडलरमध्ये काय चालतं याची यादी लिनक्सच्या मॅन पानांत आहे, सिग्नल-सेफ्टी नावाने. ती मी तोवर नजरेखालून घातली होती, वाचली नव्हती.

गोठणं थांबलं, पण तीन ओळी तीनच राहिल्या.

इथे मी एक निर्णय घेतला, जो पुढे अंगाशी आला. लायब्ररीवरचा विश्वास उडाला म्हणून स्टॅक उलगडणारं फंक्शन स्वतः लिहिलं. एआरएम ६४वर ते सोपं दिसतं. प्रत्येक फंक्शन आत शिरताना स्टॅकवर दोन गोष्टींची जोडी ठेवतं: आधीच्याचा फ्रेम पॉइंटर, म्हणजे त्याच्या जोडीची जागा, आणि काम संपल्यावर जिथे जायचं तो परतीचा पत्ता. एक्स२९ या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका खणात, त्या जोडीची जागा असते. जोडी वाचा, पत्ता लिहा, आधीच्या जोडीकडे जा. फ्रेम पॉइंटर गाळू नये असा पर्याय देऊन सगळं पुन्हा कंपाइल केलं. हँडलरच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये कर्नल सिग्नलच्या क्षणाची सगळी रजिस्टरं देतो. तिथून पीसी, म्हणजे चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता, आणि एक्स२९ घेतले आणि साखळी चालत गेले. पंधरा ओळींत काम झालं.

लगेच एक भरगच्च ट्रेस मिळाला. वर स्क्रीनचा उजेड बदलणारं फंक्शन, खाली मुख्य लूप, त्याखाली मेन. दिसायला अगदी खरा. आम्ही दोन दिवस त्या उजेडामागे होतो. त्या फंक्शनमध्ये एकही पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, नव्हता.

भाईंना दाखवलं. भाई आमच्यातले ज्येष्ठ, पूर्वी जहाजांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम केलेले. त्यांनी ट्रेसकडे पाहिलंच नाही, टेस्टकडे पाहिलं.

“टेस्टमध्ये प्रोग्राम मारतेस कसा?”

“रेझ करून, भाई. स्वतःलाच सिगसेगव्ही पाठवते.”

“मग तो नेहमी शिस्तीतच मरणार. सिस्टम कॉलमधून बाहेर येताना सिग्नल मिळतो, तेव्हा सगळी फंक्शनं आपापली चिठ्ठी पेटीत ठेवून बसलेली असतात. बोटीवर असं मरण येतं का?”

चिठ्ठी हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, आणि त्यानेच मला गाठ उलगडून दिली. परतीचा पत्ता म्हणजे चिठ्ठी. एआरएमवर फंक्शनला हाक मारली की चिठ्ठी आधी हातात येते, म्हणजे एक्स३० या लिंक रजिस्टरमध्ये. पुढे आणखी कुणाला हाक मारायची असेल तर फंक्शन ती स्टॅकच्या पेटीत ठेवतं. पण जे फंक्शन पुढे कुणालाच हाक मारत नाही, ज्याला लीफ म्हणतात, ते पेटी उघडतच नाही. कामभर चिठ्ठी हातात धरतं आणि तिच्यावरून परत जातं. फ्रेम पॉइंटर ठेवा म्हटलं तरी कंपाइलर लीफला बहुतेक वेळा सूट देतो. अशा फंक्शनच्या मध्यावर सिग्नल आला तर एक्स२९ अजून हाक मारणाऱ्याचाच असतो. त्या जोडीतला पत्ता असतो त्याच्याही आधीच्याचा. माझं फंक्शन पीसी लिहायचं, मग थेट आजोबांचं नाव लिहायचं. मधला बाप गायब.

आमचं चेकसम फंक्शन, म्हणजे माहिती बिघडली नाही ना ते पाहणारं, असंच लीफ होतं. त्याला दोघे हाक मारतात: जीपीएसची ओळ वाचणारं आणि साठवलेली नोंद पुन्हा पाठवणारं. दोघांच्या मागे तोच मुख्य लूप. बाप गायब झाला की दोघांतला कोण हे कळायला मार्ग उरत नाही.

पण ट्रेसमध्ये चेकसमही नव्हतं, उजेड होता. त्याचं कारण आणखी बारीक. परतीचा पत्ता हाकेच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो. ती हाक फंक्शनची अगदी शेवटची इन्स्ट्रक्शन असेल तर पुढचा पत्ता दुसऱ्याच फंक्शनचा निघतो. म्हणून नाव शोधण्याआधी सगळे अनवाइंडर, म्हणजे स्टॅक उलगडणारे प्रोग्राम, पत्त्यातून एक वजा करतात. मी एका इन्स्ट्रक्शनचे चार बाइट वजा करत होते, आणि तेही सरसकट. पण सिग्नलने थांबवलेला पीसी परतीचा पत्ता नसतो. तो नेमकी ती इन्स्ट्रक्शन असते जिच्यावर घात झाला. चेकसमच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनने आलेल्या पॉइंटरमधून बाइट वाचायला घेतला, पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, होता, आणि मी चार वजा केल्यावर पोचले शेजारच्या फंक्शनमध्ये. फाइलीत चेकसमच्या आधी उजेडाचं फंक्शन होतं, एवढाच त्याचा दोष.

ज्यांनी डीडब्ल्यूएआरएफ या डीबगिंग-माहितीच्या स्वरूपावरून उलगडण्याची कोष्टकं, म्हणजे प्रोग्राममधलाच ईएच-फ्रेम हा भाग, आखली त्यांना हे ठाऊक होतं. त्या कोष्टकांत एखाद्या फ्रेमवर ‘एस’ हे अक्षर ठेवता येतं. त्याचा अर्थ ही सिग्नलची फ्रेम, हिच्या पलीकडच्या पत्त्यातून वजा करू नका. एआरएम ६४च्या कर्नलमध्ये तर याची खूण हाताला लागते. हँडलर संपल्यावर जिथे परतायचं तो तुकडा दोन इन्स्ट्रक्शनचा आहे: एक्स८मध्ये १३९ टाका, कर्नलला हाक मारा. १३९ म्हणजे आरटी-सिगरिटर्न. माझ्या फाइलींतली दुसरी ओळ हीच. त्याच्या आधी काहीही न करणारी एक नॉप ठेवलेली आहे आणि कर्नलच्या सोर्समध्ये शेजारच्या टीपेत तिला मिस्टीरियस म्हटलं आहे. एक वजा करणारे अनवाइंडर मागे सरकले तर त्यांचा पाय भलत्या ठिकाणी पडू नये म्हणून ती आहे. लिबजीसीसी सिग्नलची फ्रेम ओळखते तीही या दोन इन्स्ट्रक्शनचे बाइट जुळवून. हे वाचलं त्या रात्री मी खूप वेळ जागी होते. माझ्या पंधरा ओळींत यातलं काहीच नव्हतं.

मग वाटलं, एक्स३०सुद्धा दरवेळी लिहून टाकू, बाप सापडेल. तेही चुकीचं. लीफ नसलेल्या फंक्शनमध्ये मध्येच सिग्नल आला तर एक्स३०मध्ये नुकत्याच संपलेल्या हाकेची शिळी चिठ्ठी असते, आणि ती त्याच फंक्शनच्या पोटात बोट दाखवते. ट्रेसमध्ये एक खोटी ओळ वाढते. चिठ्ठी ताजी की शिळी, हे नुसत्या रजिस्टरांकडे पाहून सांगता येत नाही. प्रत्येक इन्स्ट्रक्शनला पेटी कुठे आणि चिठ्ठी कुठे, हे लिहिलेलं असतं ते फक्त ईएच-फ्रेमच्या कोष्टकात.

ते डोळ्यांनी पाहावं म्हणून एक छोटं फंक्शन घेतलं आणि त्याच्या प्रत्येक इन्स्ट्रक्शनवर ब्रेकपॉइंट लावून जीडीबीतून तिथे सिगयूएसआर१ हा सिग्नल सोडत गेले. चौदा इन्स्ट्रक्शन, चौदा ट्रेस, शेजारी रीडएल्फ या साधनातून काढलेलं कोष्टक. लीफ नसलेल्या फंक्शनमध्येही सुरुवातीला दोन इन्स्ट्रक्शनपुरती तीच खिंड होती: जोडी स्टॅकवर जाईपर्यंत, आणि गेल्यावर एक्स२९ नवीन होईपर्यंत. शेवटी जोडी उचलल्यानंतर परत तेच. माझं फंक्शन त्या जागांवर दरवेळी बाप गाळत होतं. कोष्टक पाहून चालणाऱ्या लिबअनवाइंड या लायब्ररीने चौदाही बरोबर दिले. मी माझ्या पंधरा ओळी त्याच संध्याकाळी काढून टाकल्या.

लिबअनवाइंडला हँडलरमधलाच रजिस्टरांचा साठा देता येतो, आणि सोबत एक खूण देऊन सांगता येतं की हा सिग्नलच्या क्षणाचा आहे. मग पहिल्या पत्त्यातून तो वजा करत नाही. एक लॉक मात्र उरला. लोड झालेल्या लायब्रऱ्यांची यादी वाचताना लोडरचा लॉक घ्यावा लागतो. २०२२मध्ये आलेल्या जीलिबसी २.३५मध्ये लॉकशिवाय हे शोधायची सोय झाली आणि जीसीसी १२ या कंपाइलरची लिबजीसीसी ती वापरते, पण आमच्या बोर्डावरचं सगळंच त्याआधीचं. आमचा प्रोग्राम सुरुवातीनंतर नवी लायब्ररी लोड करत नाही, म्हणून तेवढा धोका पत्करला.

नव्या बांधणीत चेकसमचा ट्रेस पूर्ण आला. साठवलेली नोंद रिकामी असली की पुन्हा पाठवणारं फंक्शन नल पॉइंटर पुढे ढकलत होतं. जीपीएसचा काही संबंध नव्हता.

आणि त्या सात फाइली? तिथे लिबअनवाइंडही तीन ओळींवरच थांबला. हँडलर, सिगरिटर्न, शून्य.

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला होता. हँडलरमध्ये मी एकच भर घातली: एकतीसही रजिस्टरं, एसपी (स्टॅकच्या टोकाचा पत्ता) आणि पीसी जसेच्या तसे फाइलीत लिहायचे. ज्या तीन बोटींवरून त्या फाइली आल्या होत्या त्यांवरच डबे पुन्हा चालू केले. रोज दुपारी मालीमला उतरायचं, जेटीवरच्या टपरीत भाजी-पाव खायचा आणि डबे तपासायचे. एका बोटीचे तांडेल मालवणचे. पत्र्याखाली जाळं विणत बसलेले असायचे, मला पाहिलं की विचारायचे, “काय गो बाय, तुझो डबो आज तरी बोललो काय?”

तिसऱ्या दिवशी बोलला. पीसी शून्य. एक्स३० शून्य नव्हता.

मी तिथेच पायरीवर बसले. शून्य म्हणजे उलगडण्याचा शेवट असं मी दीड महिना समजत होते. ते शून्य म्हणजे क्रॅशची जागाच होती. कुठल्या फंक्शनला हाक मारायची तो पत्ता, म्हणजे फंक्शन पॉइंटर, नल होता आणि त्यावर हाक मारली गेली. प्रोसेसर चिठ्ठी हातात घेऊन घरातून निघाला आणि ज्या पत्त्यावर गेला तिथे घरच नव्हतं. शून्य या पत्त्याचं कोष्टक कुठेच नाही, म्हणून अनवाइंडर मुकाट थांबतो. पण चिठ्ठी हातातच होती, आणि या एका प्रसंगात ती शंभर टक्के ताजी असते, कारण हाक मारणं हीच शेवटची घडलेली गोष्ट. इंटेलच्या मशीनवर हीच चिठ्ठी स्टॅकच्या अगदी वरच्या खणात मिळाली असती, कारण तिथे हाक मारतानाच पत्ता स्टॅकवर जातो.

एक्स३०मधून प्रोग्रामचा लोड पत्ता वजा केला, पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणाऱ्या अ‍ॅडर-टू-लाइनला दिला. डिझेलची पातळी वाचणारी फाइल, दिवसातून एकदा चालणाऱ्या कॅलिब्रेशनची ओळ. तिथे सेन्सरच्या ड्रायव्हरने भरायचा एक पॉइंटर होता.

तांडेलांना विचारलं, “मामा, डिझेलचा सेन्सर कुठेय?”

“तो आमी काढून ठेवलो हा. टाकी धुवची होती मा.”

सेन्सर नसेल तर ड्रायव्हर उभाच राहत नव्हता आणि पॉइंटर रिकामा राहत होता. बाकी दोन बोटींवरही टाकी धुताना सेन्सर काढलेला निघाला.

दुरुस्ती पाच मिनिटांची. उलगडण्याचा नियम बसवायला मात्र दोन दिवस गेले. पीसी कोणत्याही चालवण्याजोग्या मेमरीत बसत नसेल, तर मूळ पीसी पहिल्या ओळीत जसाच्या तसा लिहायचा, रजिस्टरांच्या प्रतीत पीसीच्या जागी एक्स३० ठेवायचा, एसपीला हात लावायचा नाही आणि तिथून चालायचं. पहिल्या प्रयत्नात मी सिग्नलची खूण तशीच ठेवली होती आणि ओळ एकाने पुढची येत होती. आता सुरुवातीचा पत्ता परतीचा आहे, त्यातून वजा व्हायलाच हवं. म्हणून या प्रसंगात खूण काढायची. हे भाईंना समजावताना त्यांनी मला दोनदा थांबवलं आणि दोन्ही वेळा माझं वाक्य चुकलेलं होतं.

राहिलेल्या दिवसांत टेस्ट नव्याने लिहिल्या. रेझ काढून टाकलं. आता टेस्टमध्ये प्रोग्राम पाच प्रकारे मरतो: लीफच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर, लीफच्या मध्यावर, नल फंक्शन पॉइंटरवर, बिघडलेल्या हीपवरच्या फ्रीमध्ये आणि अमर्याद रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाका मारत राहून, स्टॅक संपवून. पाचव्या प्रकारात हँडलरला उभं राहायलाच जागा नसते, त्यासाठी वेगळा सिग्नल स्टॅक लावावा लागतो. तो आम्ही लावला होता, पण फक्त मुख्य थ्रेडला. तो प्रत्येक थ्रेडने स्वतःचा लावायचा असतो. चारही थ्रेडना ६४ केबीचा दिला. प्रत्येक टेस्टमध्ये फक्त ट्रेस आला का एवढं पाहत नाही, बापाचं नाव ओळीसकट जुळतं का ते पाहतो.

३१ जुलैला संध्याकाळी शेवटच्या बोटीवर नवी आवृत्ती चढवली. तांडेल बर्फाचा हिशेब करत होते, जाळी पुन्हा वर चढली होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे एक फाइल आली. बोट किनाऱ्याजवळ आली असणार. नऊ ओळी होत्या. हँडलर, सिगरिटर्न, मग फाइलीत नोंद लिहिणारं एक फंक्शन, त्याचा बाप, त्याचा आजोबा, खाली थ्रेडच्या सुरुवातीपर्यंत. हा क्रॅश आम्ही कधी पाहिलेला नव्हता. मी रजिस्टरांशी एकेक ओळ ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या. मग तिसऱ्या ओळीतली फाइल उघडली आणि वाचायला बसले.